विषयांची विरळणी

बागेत त्याला सगळे एकफळ्या म्हणत. सफरचंदाचा बहर ओसरला की एकेका घोसात पाच-पाच, सहा-सहा फळं धरतात. ती सगळी ठेवली तर सगळीच बारीक राहतात, भारानं फांदी मोडते आणि पुढच्या वर्षी झाड रुसून बसतं. म्हणून बोराएवढी असतानाच हातानं विरळणी करायची. मधलं दणकट फळ ठेवायचं, बाकीची अंगठ्याच्या नखानं देठापासून खुडून खाली टाकायची. नव्या माणसाचा हात कचरतो. दोन ठेवू का, असं त्याला होतं. एकफळ्याला तसं कधीच झालं नाही. "घोसाला एकच फळ," हे तो इतक्यांदा आणि इतक्या ठसक्यात बोलला होता की नाव पडायचं ते पडलंच. त्याला त्या नावाचा रागही नव्हता. माणसाला एखाद्या गोष्टीत तरी नाव असावं.

यंदा झाडं नुसती लगडली होती आणि नेमका यंदाच त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता. थंडीत छाटणी करताना शिडी सरकली आणि तो दगडी बांधावर आदळला. हाड सांधलं, पण हात कानाच्या वर जाईना. मुकादमानं झाडांच्या बारा ओळी विरळणीसाठी त्याच्या घराकडे दिल्या होत्या, महिना संपायच्या आत. फळ लिंबाएवढं झालं की विरळणीला काही अर्थ उरत नाही. खालच्या फांद्या बायको करायची, मधल्या तो डाव्या हातानं करायचा आणि शिडीवर चढून शेंडे करायची मुलगी.

मुलगी आठवी पास झाली होती. अंगानं किडकिडीत, पण सतत काही ना काही ओढत, उचलत, आवरत असायची, म्हणून घरात आणि बागेत ती मुंगी. दोन वर्षांपूर्वी बागेत माती तपासणारी एक बाई आली होती. तिच्या पेटीत काचेच्या बारीक नळ्या होत्या. तिनं मुंगीला एका नळीत औषधाचे थेंब टाकायला दिले आणि मातीचं पाणी हळूहळू निळं झालं. त्या दिवसापासून मुंगीचं ठरलं होतं. घरी आलेल्या प्रत्येकाला ती सांगायची, "मी मातीची तपासणी करणार." लोक म्हणत, "माती तर तुझा बापही रोज बघतो." ती म्हणायची, "बाबा वरनं बघतात."

नववीला मोठ्या शाळेत जायचं. ती चार मैलांवरच्या बाजारगावात होती आणि तिथं विषय निवडून द्यावे लागत. त्याचं पत्रक मुंगीनं तीन संध्याकाळी बसून पेन्सिलनं भरलं.

बुधवारी सकाळी एकफळ्या शिडीचा पाय जोडून आणायला बाजारगावात निघाला, तेव्हा तिनं पत्रक त्याच्या हातात दिलं. "बाबा, पेन्सिलच्या खुणांवर पेनानं गिरवा आणि खाली सही करा. पालकांच्या हातचंच लागतं म्हणे. पेन या पेटीत आहे. येताना शाळेच्या कचेरीत द्या. विसराल का?"

"विसरायला मी काय म्हातारा झालोय?"

"चष्मा?"

"घेतलाय गं."

शिडी जोडणाऱ्यानं तासभर थांबा म्हटलं. एकफळ्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसला, चष्मा लावला आणि एकेक अक्षर लावत पत्रक वाचू लागला. भाषा दोन, इतिहास, भूगोल, चित्रकला. मग दोन गणितं होती, एक साधं आणि एक वरचं. विज्ञानही दोन प्रकारचं, नुसतं पुस्तकाचं आणि प्रयोगशाळेचं. मुंगीच्या खुणा वरच्या गणितावर आणि प्रयोगशाळेवर होत्या. अगदी तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती. ती त्यानं दोनदा वाचली. हे दोन विषय घेणाऱ्यांसाठी येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारपासून तीन आठवडे तयारी वर्ग, सकाळी दहा ते चार, हजेरी सक्तीची.

तीन आठवडे. बारा ओळींचे शेंडे.

आत ठोकाठोकी चालली होती. मग त्याच्या डोक्यात एक शहाणा विचार आला. माणसाला चुकीचं काही करायचं असलं की असे शहाणे विचार बोलावल्यासारखे येतात. पोर कोवळी आहे, तो स्वतःला म्हणाला. कोवळ्या झाडावर एवढा भार टाकायचा नसतो. थोडे विषय ठेवले तर तेच पोसतील. आपण आयुष्यभर दुसरं काय केलं?

पेटीत रबर होतं. त्यानं दोन खुणा खोडल्या, साध्या गणितावर आणि पुस्तकी विज्ञानावर पेनानं खुणा केल्या, बाकीच्या इमानेइतबारे गिरवल्या आणि सही ठोकली. कागदावरचा रबराचा कचरा फुंकून टाकला. घरी येऊन म्हणाला, "दिलं गं भरून." मुंगी शिडीवरूनच म्हणाली, "बरं झालं." आणि नव्या पायाची शिडी हलत नाही म्हणून तिनं त्या जोडणाऱ्याचं कौतुकही केलं.

शनिवारी मोठ्या शाळेत नववीत येणाऱ्या मुलांची आणि पालकांची सभा होती. मुलं पुढच्या बाकांवर, आईबाप मागं. एकफळ्यानं धुतलेला सदरा घातला होता, पण नखांचा हिरवट काळा रंग काही निघत नव्हता, म्हणून त्यानं हात मांड्यांखाली घेतले होते. तीस वर्षांनी तो या इमारतीत आला होता. भिंतींचा रंग बदलला होता, खडूचा वास तोच होता. इथं नववीत तो अकरा दिवस नीट बसला होता. बाराव्या दिवशी गणिताच्या मास्तरांनी फळ्याजवळ बोलावलं, त्याला एक आकडाही लिहिता येईना, आणि तेराव्या दिवसापासून तो शाळेऐवजी ओढ्याकाठी जाऊन बसू लागला. मुंगीला मात्र त्यानं कायम वेगळंच सांगितलं होतं. "घरचं बघायला कुणी नव्हतं गं, म्हणून सोडली शाळा. नाहीतर मी हुशारच होतो." असं सांगता सांगता त्याचं त्यालाही ते खरं वाटू लागलं होतं.

विषयांचं काम बघणाऱ्या बाई सडपातळ, ठणठणीत आवाजाच्या होत्या. "नववी म्हणजे आठवीच्या पुढचा वर्ग एवढंच समजू नका," त्या म्हणाल्या. "इथं सात विषयांना सात शिक्षक. तुम्ही मागं पडलात तर तुमच्या मागं कुणी वही घेऊन धावणार नाही, तुम्हीच येऊन विचारायचं. आणि पालकांनो, आज सोडलेला विषय पुढच्या वर्षी मिळत नाही. नववीला वरचं गणित नाही, तर दहावीला नाही, आणि मग प्रयोगशाळेच्या कुठल्याच शिक्षणाचं दार उघडत नाही. म्हणून आत्ताच नीट बघा. बदल करायचा असेल तर शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. पालकांनी स्वतः यायचं, लेखी कारण द्यायचं."

दार वगैरे त्या कागदावर कुठं लिहिलं नव्हतं.

बाई याद्या वाचू लागल्या. वरच्या गणिताची यादी संपली. मुंगी ताठ बसून होती, ती किंचित पुढं झुकली. साध्या गणिताच्या यादीत तिचं नाव आलं तेव्हा बाईच थांबल्या आणि त्यांनी जुन्या शाळेकडून आलेला कागद वर काढला.

"उभी राहा बघू. तुला गणितात चौऱ्याण्णव आहेत. विज्ञानात एक्याण्णव. आणि तू साधं गणित घेतलंस? प्रयोगशाळाही नाही? कुणी भरलं हे पत्रक?"

मुंगी उभी राहिली आणि तिनं मागं वळून पाहिलं. थेट त्याच्याकडे. नजरेत राग नव्हता, ती नुसती बघत होती. एकफळ्यानं तोंड उघडलं. सगळी खोली वळून बघत होती, फळा समोर होता, आणि तो पंचेचाळीस वर्षांचा घोडा पुन्हा बाराव्या दिवशीच्या पोराएवढा झाला. त्यानं मान खाली घातली आणि तो बुटाची नाडी बघत राहिला.

तेवढ्यात दोन बाकं पलीकडून मुकादमाचा आवाज आला. त्याचाही मुलगा नववीत होता. "बाई, एकफळ्याची पोर आहे ती! बापानं विषयांचीसुद्धा विरळणी केली असणार!"

खोलीत हशा पिकला. मुकादमाच्या मनात वाईट काही नव्हतं, तो असाच बोलायचा. पण बाण बरोबर वर्मी लागला होता.

"नाही बाई," मुंगी म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "मीच भरलं. मला गणित तेवढं झेपत नाही. परीक्षेला पाठ करून गेले होते."

"चौऱ्याण्णव पाठ करून?"

"हो."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मागं पालकांच्या बाकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बस खाली." पुढचं नाव वाचलं गेलं. एकफळ्याचे कान तापून लाल झाले होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं, पण धरणीला तेवढी सवड कुठं असते?

परतताना दोघं सायकली हातात धरून चढ चढली. नेहमी ती बडबडत असायची. आज चाकाचा खडखडाट तेवढा होता. चढ संपल्यावर त्यानं विचारलं, "तहान लागली का?"

"नाही."

"मडगार्ड वाजतंय तुझं."

"वाजू दे."

ती सायकलवर बसली आणि पुढं निघून गेली.

रविवारी, सोमवारी, मंगळवारी काम चालू राहिलं. ऊन तापू लागलं होतं. खुडलेल्या फळांचा खाली हिरवा सडा पडायचा आणि पायाखाली चिरडून त्याचा आंबट वास यायचा. मुंगी शिडीवर चढायची, शेंडा पुरा करायची, उतरायची, शिडी स्वतःच उचलून पुढच्या झाडाला लावायची. ती रागावून भांडी आदळती तर त्याला सोसलं असतं. पण ती सगळं नीट करत होती. पाणी मागितलं की पाणी देत होती. काम तर असं भराभर उरकत होतं की मुकादम येऊन म्हणाला, "ही असल्यावर तुला काय घोर? बारा ओळी खेळत होतील." एकफळ्या नुसता हं म्हणाला. ज्यासाठी पाप केलं ते पदरात पडत होतं, आणि तोंडात घास फिरत होता.

बुधवारी बायकोनं कपडे धुवायला काढले. तो हौदाजवळ हातपाय धूत होता. ती आली, ओला हात पुढं केला. तळहातावर रबर होतं. भिजून फुगलेलं, एका कडेला पेन्सिलीचा काळा डाग.

"तुमच्या खिशात निघालं."

तो पाय घासतच राहिला.

"मुंगीनं पेन्सिलनं काय भरलं होतं ते मी बघितलं होतं," ती म्हणाली. "मला वाचता येत नाही तुमच्याएवढं. पण खुणा कुठं होत्या ते कळतं. शनिवारी घरी येऊन ती म्हणाली की मीच साधं गणित घेतलं. मला वाटलं, बदललं असेल मन. मी तिलाच बोलले. म्हटलं, घाबरट आहेस. तिनं ऐकून घेतलं."

"अगं, मी तिच्या भल्यासाठीच... भार झेपला असता का तिला? कोवळी आहे अजून."

"अहो, मला नका सांगू झाडाच्या गोष्टी," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तिला भार झेपत नाही आणि शिडी झेपते होय?"

तिनं रबर हौदाच्या कठड्यावर ठेवलं आणि ती कपडे पिळू लागली. त्याच्या खांद्यात कळ आली. त्यानं खांदा चोळला नाही. आज त्याला दुखण्याचा आधार घ्यायचीही लाज वाटली.

गुरुवार त्यानं तसाच काढला. जाऊ की नको, जाऊ की नको. कचेरीत गेलं म्हणजे पुन्हा ती इमारत, पुन्हा कुणीतरी विचारणार. आणि दोन खुणा परत आल्या की शेंडे कोण करणार? सात ओळी बाकी होत्या. शुक्रवारी उजाडलं तेव्हा तो मुकादमाच्या खोपटापाशी जाऊन उभा राहिला.

"शेवटच्या चार ओळी दुसऱ्या टोळीला द्या," तो म्हणाला.

मुकादमाला खरंच वाटेना. "तू ओळी परत देतोस? एकफळ्या, अरे लोक तुझा हात बघून माणसं शिकवतात."

"हात राहिला नाही. पोर सोमवारपासून शाळेत जाणार."

"ती तर साध्या गणितात ना? त्यांना कुठला आलाय वर्ग?"

"नाही," एकफळ्या म्हणाला. "ते मी चुकीचं भरलं होतं. तुम्ही शनिवारी बोललात ते खरं होतं."

मुकादमाला आपण काय बोललो होतो ते आठवायला क्षणभर लागलं. आठवलं तसा तो ओशाळला आणि उगीचच जमिनीवरची एक करंडी उचलून दुसरीकडे ठेवू लागला. "जा, जा," तो म्हणाला. "बारा वाजेपर्यंतच आहे ना?"

कचेरीत खिडकीपुढं पाच-सहा पालक रांगेत होते. कारकून चष्म्यावरून बघणारा, घाईतला माणूस. त्यानं मुंगीचं पत्रक काढलं आणि बदलाचा कागद पुढं सरकवला. "कोणते विषय बदलायचे ते इथं. कारण इथं. खाली सही."

एकफळ्यानं विषय लिहिले. अक्षर वर चढत गेलं. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"काय झालं?" कारकून म्हणाला. "'पालकाची नजरचूक' लिहा. सगळे तेच लिहितात. दोन शब्द लिहा आणि मोकळे व्हा, मागं लोक आहेत."

दोनच शब्द होते. सोपे होते. कुणी काही विचारलं नसतं. त्यानं 'पा' लिहिलासुद्धा. मग थांबला. आणखी कशातही चूक निघाली असती, पण नजर? पानाआडचं जोडफळ तो खालून ओळखायचा. त्या बाकावर तळाची बारीक ओळ त्यानं दोनदा वाचली होती. नजर चुकली नव्हती. नजरेला सगळं स्पष्ट दिसलं होतं.

त्यानं 'पा' खोडला आणि लिहू लागला. मागच्या बाईनं उसासा टाकला, कुणीतरी घड्याळ बघितलं. एकेक अक्षर बियाणं टोकावं तसं टोकत त्यानं तीन ओळी भरल्या आणि कागद आत सरकवला.

कारकुनानं तो हातात घेतला आणि सवयीनं मोठ्यानंच वाचला. "मुलीने बरोबर भरले होते. मी रबराने खोडले. बागेत कामाला हात कमी पडत होते." तो थांबला. रांगेतली कुजबुज बंद झाली. "हे... असंच ठेवायचं? हे मुलीच्या कागदपत्रांत राहील, कायमचं. दुसरा कागद देतो हवं तर."

"सभेत तिनं सांगितलं की तिला झेपत नाही," एकफळ्या म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "ते कुठं लिहून ठेवलं असेल, तर ते तेवढं काढा. हे राहू द्या."

शिक्का पडला. रांगेतून बाहेर येताना त्यानं कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. हलकं वगैरे काही वाटलं नाही त्याला. लोक म्हणतात, खरं बोललं की मन हलकं होतं. ते म्हणणाऱ्यांना रांगेत उभं करून कुणी मोठ्यानं वाचून दाखवलेलं नसतं.

बागेत परतला तेव्हा ऊन कललं होतं. सहावी ओळ अर्धी झाली होती. मुंगी शिडीवर होती. बायको पलीकडच्या झाडाखाली वाकलेली होती, तिनं एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"खाली ये," तो म्हणाला.

"एवढा शेंडा राहिलाय."

"राहू दे. ये खाली."

ती उतरली. त्यानं शिक्का मारलेला कागद तिला दिला. तिनं तो वाचला. वाचताना तिचे ओठ हलत नव्हते. त्याचे हलायचे. शेवटच्या तीन ओळींपाशी ती जरा जास्त थांबली, मग तिनं कागदाची घडी घातली.

"सोमवारपासून आहे वर्ग," तो म्हणाला. "चार ओळी मी सोडल्या. राहिलेलं आम्ही दोघं बघू." आणि मग, आता निघालंच आहे तर सगळं निघू दे म्हणून, तो घाईघाईनं बोलला. "आणि ऐक. मी घरासाठी शाळा सोडली नव्हती. अकरा दिवस गेलो. बाराव्या दिवशी फळ्यापाशी बोलावलं, मला काही येईना. मग पळालो. ओढ्यावर बसायचो."

"माहितीये," मुंगी म्हणाली.

"काय?"

"आत्यानं सांगितलंय केव्हाच. मी चौथीत होते तेव्हा."

म्हणजे इतकी वर्षं तो हुशारीच्या गोष्टी सांगत होता आणि ही पोर सगळं माहीत असून मान हलवत होती. त्याचे कान पुन्हा तापले.

"मग सभेत तू का खोटं बोललीस गं? सांगायचंस ना, बापानं भरलं म्हणून."

मुंगीनं बोटांना बांधलेल्या चिंध्या सोडायला सुरुवात केली. अंगठ्याचं नख मुळापर्यंत हिरवं झालं होतं. एकेक चिंधी सोडून तिनं शिडीच्या पायरीवर ठेवली.

"मी थांबले होते, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही बोलाल म्हणून. नाही बोललात, मग कुणीतरी बोलायला हवं होतं."

तिनं कागद सदऱ्याच्या खिशात घातला, पाण्याची बाटली उचलली आणि ती ओळींच्या मधून घराकडे चालू लागली. आईपाशी थांबून तिनं काहीतरी सांगितलं. आईनं हिरव्या पडलेल्या हातानं तिच्या पाठीवर थाप मारली.

एकफळ्या शिडीवर चढला. दोन पायऱ्या, मग तिसरी. डाव्या हातानं फांदी खाली ओढली आणि मुंगीचं काम बघू लागला. बघायचं होतंच. एखाद्या घोसात दोन फळं राहिली असतील, एखादं देठासकट ओरबाडलं असेल, तर उद्या हाक मारून दाखवता आलं असतं, चार शब्द बोलता आले असते. त्यानं शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पाहिलं, मग शेजारचं झाड पाहिलं. घोसाघोसात एकेकच फळ होतं, मधलं, दणकट. कुठंही बोलायला जागा नव्हती.